झान काल्माँ : १२२ वर्षं आणि १६४ दिवस

शेवंती

दीर्घायुष्याचा विषय निघाला की झान काल्माँचं नाव येतंच, आणि त्या नावामागोमाग ऑलिव्ह तेल, चॉकलेट आणि पोर्ट वाइन. आठवड्याला किलोभर चॉकलेट खाणारी, जेवणानंतर सिगारेट ओढणारी बाई १२२ वर्षं जगली, एवढं वाचून लोक पुढे जातात. मला तिच्या ताटाबद्दल नाही, तिच्या आयुष्याबद्दल लिहायचं आहे.

झानचा जन्म २१ फेब्रुवारी १८७५चा, दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठच्या आर्ल गावातला. ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा ती १४ वर्षांची होती. वडील निकोला काल्माँ जहाजं बांधायचे. ते ९३ वर्षं जगले, आई ८६ आणि थोरला भाऊ फ्राँस्वा ९७. म्हणजे घरात दीर्घायुष्य आधीपासून मुक्कामाला होतंच.

सोळाव्या वर्षापर्यंत शाळा झाली, मग पियानो आणि चित्रकला. १८९६च्या एप्रिलमध्ये तिचं लग्न फेर्नां काल्माँशी झालं. आडनाव एकच, कारण तो नात्यातलाच होता: दोघांचे आजोबा सख्खे भाऊ आणि आज्या सख्ख्या बहिणी. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिला फार महत्त्व येणार आहे.) फेर्नांच्या घरचं कापडाचं मोठं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच बिऱ्हाड. घरात नोकरचाकर, त्यामुळे झानला पोटासाठी कधी काम करावं लागलं नाही. टेनिस, सायकल, पोहणं, चाकांचे बूट घालून घसरणं, नवऱ्याबरोबर शिकार, संध्याकाळी ऑपेरा, असं ते आयुष्य. सुखवस्तू म्हणजे काय हे त्या घराकडे बघून कळावं.

१९ जानेवारी १८९८ला मुलगी झाली, ईव्हॉन. हे एकच अपत्य. ईव्हॉनचं लग्न १९२६मध्ये जोझेफ बिल्यो या लष्करी अधिकाऱ्याशी झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नातू जन्मला, फ्रेदेरिक. ईव्हॉनला फुप्फुसाचं दुखणं लागलं आणि १९ जानेवारी १९३४ला, बरोबर तिच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, ती गेली. फ्रेदेरिक तेव्हा सात वर्षांचा होता. आजीने त्याला वाढवलं.

१९४२मध्ये नवरा गेला. खाण्यात आलेल्या खराब चेरींची बाधा झाली होती. १९६२मध्ये भाऊ गेला. १९६३च्या जानेवारीत जावई आणि ऑगस्टमध्ये फ्रेदेरिक. तो डॉक्टर झाला होता. मोटारीच्या अपघातात गेला, वय ३६. आई ज्या वयात गेली त्याच वयात मुलगा. झान तेव्हा ८८ वर्षांची होती आणि तिच्या रक्ताचं म्हणावं असं जवळचं कुणी उरलं नव्हतं.

बहुतेक माणसांचं आयुष्य इथे संपल्यातच जमा झालं असतं. तिच्यापुढे अजून ३४ वर्षं होती. मला या बाईच्या आयुष्यात सर्वांत मोठी वाटते ती ही ३४ वर्षं. ८५व्या वर्षी तिने तलवारबाजी शिकायला घेतली होती, तो छंद होता म्हणून. शंभरीपर्यंत ती सायकल चालवत होती. घरात एकटीच राहायची. १९८५च्या कडाक्याच्या थंडीत, ११०व्या वाढदिवसाच्या थोडं आधी, गोठलेलं पाणी वितळवायला ती हातात मेणबत्ती घेऊन टेबलावर चढली आणि घरात छोटी आग लागली असं सांगतात. त्यानंतर ती आर्लमधल्याच वृद्धाश्रमात राहायला गेली, नाव 'मेझाँ द्यु लाक'. १९९०च्या जानेवारीत, वयाच्या ११४व्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, त्यातून ती उठली, पण पुढे चाकाच्या खुर्चीत बसली. ४ ऑगस्ट १९९७ला आर्लमध्येच तिचं निधन झालं. जन्मगावातल्या त्रँकतायच्या दफनभूमीत, घरच्यांच्या कबरीत तिला ठेवलं आहे.

तिच्या खालोखाल ११९चा टप्पा ओलांडल्याची खात्रीशीर नोंद फक्त दोघींची आहे: अमेरिकेच्या सेरा क्नॉस (११९ वर्षं ९७ दिवस) आणि जपानच्या काने तानाका (११९ वर्षं १०७ दिवस). पुरुषांमध्ये जपानचे जिरोएमोन किमुरा, ११६ वर्षं ५४ दिवस. ज्यांनी याबद्दल वाचलं आहे त्यांनी भर घालावी.

चाफा

फार सुंदर लिहिलंत शेवंतीताई. नातवाचं वाचून थांबलेच.

तरी तुम्ही टाळलेला प्रश्न मी विचारतेच. इतकं जगण्याचं कारण काय असेल? ऑलिव्ह तेल त्या आजी जेवणातही वापरायच्या आणि चेहऱ्यालाही लावायच्या असं वाचलंय. त्यात काही तथ्य असेल ना?

शेवंती

चाफा, आर्ल म्हणजे प्रोव्हाँसच्या भागातलं गाव. तिथे ऑलिव्ह तेल घरोघरी. तिच्या शेजारपाजारच्या हजारो बायका तेच तेल खाऊन सत्तर-ऐंशीत गेल्या. एका माणसाच्या सवयींतून कारण काढायला गेलं की सिगारेटलाही श्रेय द्यावं लागेल. तिने विशीत सुरू केलेली सिगारेट ११७व्या वर्षी सोडली. दिवसाला एकदोन, त्याहून जास्त नाही. सोडली तीही तब्येतीसाठी नाही. नजर इतकी गेली होती की स्वतःची स्वतः पेटवता येईना आणि दरवेळी दुसऱ्याला सांगणं तिला आवडेना, असं सांगतात.

माझ्या मते तीन गोष्टी धरून चालाव्या लागतात. पहिली आईवडील आणि भाऊ: त्या काळात ८६, ९३ आणि ९७ ही वयं साधी नव्हेत. दुसरी पैसा. उपासमार नाही, अंगमेहनत नाही, पण हालचाल भरपूर, तीही आवडीने केलेली. तिसरी तिचा स्वभाव. ज्या संशोधकांनी तिच्याशी तासन्‌तास गप्पा मारल्या त्यांना जाणवलेली गोष्ट ही की जे बदलता येणार नाही त्याची ती काळजी करत बसत नसे. १२०व्या वाढदिवशी कुणीतरी विचारलं, पुढचा काळ कसा दिसतोय? ती म्हणाली, फार थोडा. यात कडवटपणा नव्हता.

चौथी गोष्ट नशीब. तिचा वाटा केवढा, हे आकडेमोड सांगतील तर बरं.

आकडेमोड

सांगतो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५मध्ये दाखवलं की मोठ्या माणसाचा मरण्याचा धोका वयाबरोबर चक्रवाढीने वाढतो. साधारण तिशीनंतर दर ८ वर्षांनी तो दुप्पट होतो. हा नियम तसाच पुढे चालू राहिला असता तर ११०च्या पुढे जगणारी माणसं आणखीच विरळ झाली असती. पण १०५च्या पुढे चित्र बदलतं. २०१८मध्ये इटलीतल्या १०५ वर्षांवरच्या जवळजवळ ४,००० लोकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की या वयानंतर धोका वाढायचा थांबतो आणि एका पातळीवर राहतो. ती पातळी साधारण अशी की दर वर्षी निम्मी माणसं जातात. या निष्कर्षावर वादही आहेत, पण ढोबळ हिशेबाला तो चालतो.

म्हणजे ११०वा वाढदिवस झाल्यावर दर वर्षी एक नाणं उडवायचं. छापा पडला तर जगलात. ११० ते १२२ म्हणजे सलग १२ छापे. त्याची शक्यता ४,०९६त एक. ही शक्यता फार लहान आहे, पण अशक्य नाही. जगभरात ११० ओलांडलेली जितकी माणसं आजवर झाली, त्यांच्यात एखादीला १२ छापे पडणं हे पटण्यासारखं आहे. ११९पर्यंत पोचलेल्या माणसाने १२२ गाठण्याची शक्यता तर ८त एक.

याउलट २०१६मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाचं म्हणणं असं होतं की माणसाच्या आयुष्याला ११५च्या आसपास नैसर्गिक मर्यादा आहे आणि काल्माँ हा अपवाद. त्या निबंधाच्या पद्धतीवर संख्याशास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. मला स्वतःला ती टीका योग्य वाटते. थोडक्या माणसांच्या आकड्यांवर रेषा ओढून मर्यादा ठरवता येत नाही.

कातरवेळ

धागा आवडला. पण एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून मी काढतो. २०१८मध्ये रशियातल्या दोघांनी, व्हालेरी नोव्होसेलॉव्ह आणि निकोलाय झाक यांनी, असा दावा केला की १९३४मध्ये वारली ती ईव्हॉन नसून झानच होती. आईच्या मालमत्तेवरचा वारसाकर वाचवण्यासाठी मुलीने आईचं नाव घेतलं आणि १९९७मध्ये जी गेली ती ९९ वर्षांची ईव्हॉन होती. झाक यांचा निबंध २०१९मध्ये एका नियतकालिकात छापूनही आला. तुम्ही सगळे १२२ गृहीत धरून बोलताय, म्हणून विचारतो, याचं काय?

मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. म्हातारपणात माणसाची उंची बरीच घटते, यांची फारशी घटलेली दिसत नाही. जुन्या ओळखपत्रातलं वर्णन आणि पुढची बाई यांच्यात डोळ्यांच्या रंगाचा फरक आहे असं ते म्हणतात. आजींनी घरचे जुने कागद आणि फोटो जाळायला लावले असंही सांगतात. आणि मुलगी गेल्यावर जावई सासूच्या शेजारच्याच घरात राहिला, त्याने दुसरं लग्न केलं नाही.

उंबरठा

कातरवेळ, प्रश्न रास्त आहे. असे प्रश्न विचारलेच पाहिजेत, कारण दीर्घायुष्याच्या दाव्यांत फसगत खूप झालेली आहे. काल्माँच्या आधी जगातलं सर्वांत मोठं वय म्हणून जपानच्या शिगेचियो इझुमींचं नाव होतं, १२० वर्षं २३७ दिवस. ते गिनीजने मान्य केलं होतं. पुढे शंका आली की थोरला भाऊ लहानपणीच वारला आणि त्याचंच नाव धाकट्याला मिळालं, नोंद मात्र थोरल्याची धरली गेली. गिनीजनेच तो दावा नंतर काढून टाकला. त्यामुळे वय तपासणाऱ्यांना फक्त जन्माचा दाखला पुरत नाही. जन्मापासून मरणापर्यंत मधल्या मधल्या काळाच्या नोंदी सलग जुळाव्या लागतात.

आणि इथेच काल्माँ यांचं प्रकरण जगातल्या कुठल्याही दाव्यापेक्षा भक्कम आहे. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकापासून साधारण दर ५ वर्षांनी शिरगणती व्हायची, घरागणिक आणि नावानिशी. १८७६च्या शिरगणतीत झान काल्माँ, वय एक वर्ष, अशी नोंद आहे. तिथपासून १९७५पर्यंत १४ शिरगणत्यांत तिचं नाव सापडतं. जन्म, विवाह, मुलीचा जन्म हे दाखले वेगळेच. संशोधक झाँ-मारी रोबिन आणि डॉक्टर मिशेल आलार यांनी तिच्या हयातीतच हे काम केलं. कागद तपासले आणि तिला लहानपणच्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारून त्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या.

आता अदलाबदलीचा दावा. तो खरा मानायचा तर काय काय घडलं असावं लागेल ते बघा. १९३४मध्ये फेर्नां जिवंत होता. म्हणजे बापाने पुढची आठ वर्षं स्वतःच्या मुलीला बायको म्हणून गावात मिरवलं पाहिजे. सात वर्षांच्या मुलाने आईला आजी म्हणायला शिकलं पाहिजे आणि शाळेत, रस्त्यात, जन्मभर कधी चुकता कामा नये. जावयाने, मामाने (झानचा भाऊ १९६२पर्यंत होता), नोकरांनी आणि मुख्य रस्त्यावरच्या त्या दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांनी तोंड बंद ठेवलं पाहिजे. साठीला टेकलेली बाई मेली आणि तिच्या जागी तिची छत्तिशीतली मुलगी आली, हे आर्लसारख्या गावात कुणाला कळलंच नाही? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१९मध्ये उत्तर दिलं त्यात ईव्हॉनच्या आजारपणाचे पुरावे आहेत. ती स्वित्झर्लंडमध्ये लेझाँ इथे क्षयाच्या उपचारासाठी होती. आजारी होती ती मुलगी. आई नव्हे.

जावई शेजारी राहिला यात मला काही गूढ वाटत नाही. त्याचा मुलगा तिथे वाढत होता.

कातरवेळ

मामाचा आणि मुलाचा मुद्दा जोरकस आहे. हा विचार मी केला नव्हता. पण उंची आणि डोळे?

उंबरठा

उंची न घटणं हे विरळा असलं तरी १२२ वर्षं जगणंही विरळाच. ज्या शरीरात सगळ्याच गोष्टी सावकाश झिजत होत्या, त्यात मणकेही सावकाश झिजले तर त्यात विसंगती नाही. आणि डोळ्यांच्या रंगाची जुनी नोंद म्हणजे खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाने नजरेने ठरवलेली. शिवाय पुढे तिला मोतीबिंदू होते आणि तिने त्यांची शस्त्रक्रिया करून घेतली नाही. अशा डोळ्यांचा रंग फोटोवरून काय ठरवणार?

दीपमाळ

व्हॅन गॉगची गोष्ट राहिली की! मी या बाईंपर्यंत पोचले ती त्याच वाटेने.

व्हॅन गॉग आर्लला आला २० फेब्रुवारी १८८८ला. म्हणजे झानच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. १८८९च्या मे महिन्यापर्यंत तो तिथे होता, आणि त्याच काळात त्याने सूर्यफुलं रंगवली, पिवळं घर घेतलं, कान कापून घेतला. १९८८मध्ये त्याच्या आर्लला येण्याची शताब्दी म्हणून पत्रकार आर्लला आले आणि त्यांना कळलं की त्याला बघितलेली बाई गावात अजून आहे, वय ११३. तिने सांगितलं की तो दुकानात आला होता, मळका, गबाळा आणि वागायला तुसडा. नंतर १९९०मध्ये व्हॅन गॉगवरच्या एका कॅनेडियन चित्रपटात ती स्वतःच्याच भूमिकेत दिसली, ११४व्या वर्षी.

आपण ज्याची चित्रं संग्रहालयात काचेआडून बघतो त्याच्याबद्दल एखादी बाई शेजारच्या गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तशी नाक मुरडून बोलते, हे मला विलक्षण वाटतं. त्याच्याबद्दलची सगळी भक्ती नंतरची. त्या तेरा वर्षांच्या मुलीला तो नुसता एक त्रासिक माणूस दिसला.

कातरवेळ

यावरही शंका घेणारे म्हणतात की एका मुलाखतीत ती म्हणाली, नवऱ्याने तिची ओळख करून दिली. १८८८मध्ये नवरा कुठला?

दीपमाळ

फेर्नां नात्यातला होता आणि तेव्हा विशीतला तरुण होता. दुकान त्याच्या घरचं. साठ वर्षांपूर्वी लग्न झालेली कुठलीही बाई जुनी आठवण सांगताना 'आमचे हे तिथे होते' असंच म्हणेल, 'जे पुढे माझे पती झाले ते' असं म्हणणार नाही. ११३व्या वर्षी शंभर वर्षांपूर्वीची आठवण सांगणाऱ्या बाईकडून तारीखवार साक्ष कशाला मागायची? ती गोष्ट जशीच्या तशी घडली असेल किंवा आठवणीत थोडी बदललीही असेल. वयाचा पुरावा त्या गोष्टीवर उभा नाही. तो शिरगणतीवर उभा आहे.

सातबारा

घराच्या कराराबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो, माझा रोजचा विषय मालमत्तेचा.

१९६५मध्ये ९० वर्षांच्या काल्माँबाईंनी आपला फ्लॅट आंद्रे-फ्राँस्वा राफ्रे यांना दिला. राफ्रे ४७ वर्षांचे होते आणि पेशाने नोटरी. फ्रान्समध्ये नोटरी म्हणजे मालमत्तेचे दस्त करणारा कायद्याचा जाणकार. करार 'व्हियाजे' पद्धतीचा. यात घेणाऱ्याने विकणाऱ्याला तहहयात ठरलेली रक्कम द्यायची, विकणाऱ्याने मरेपर्यंत त्याच घरात राहायचं आणि त्यानंतर घर घेणाऱ्याच्या ताब्यात जायचं. इथे रक्कम ठरली महिना २,५०० फ्रँक. ९० वर्षांची बाई, वारस कुणी नाही. कागदावर बघितलं तर कुणीही हा करार केला असता.

राफ्रे १९९५च्या डिसेंबरमध्ये कर्करोगाने गेले, वय ७७. तीस वर्षांत त्यांनी ९ लाख फ्रँकच्या वर रक्कम दिली, घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त, आणि त्या घरात एक दिवसही राहिले नाहीत. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने पैसे देणं चालू ठेवलं, आजी जाईपर्यंत.

लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला यात त्या करारामागचा कायदा मोलाचा वाटतो. व्हियाजेचा गाभाच अनिश्चितता आहे. ती अनिश्चितता खोटी असेल तर करारच टिकत नाही. फ्रेंच दिवाणी संहितेत कलम आहे की करार करताना विकणाऱ्याला जो आजार होता त्यानेच तो २० दिवसांच्या आत वारला, तर करार रद्द. म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाकडून घर लाटता येणार नाही, हे कायदा बघतो. तसंच उलट बाजूनेही कुणी खूप जगलं म्हणून घेणाऱ्याला सुटका नाही. राफ्रेंना हे इतर कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असणार, तो त्यांचा व्यवसायच होता. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने करार शेवटपर्यंत पाळला, याचं कौतुक मात्र कुणी करत नाही.

आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बाईला त्या करारामुळे स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशावर, कुणापुढे हात न पसरता आणखी २० वर्षं राहता आलं. शेवंतीताईंनी ज्या ३४ वर्षांबद्दल लिहिलंय, त्यांच्यामागे हा कागद आहे.

शेवंती

सातबारा, हा मुद्दा तुम्ही मांडलात म्हणून मनापासून आभार. राफ्रे यांच्या पत्नीबद्दल मलाही असंच वाटतं.

मंदवारा

मी वृद्धांच्या देखभालीचं काम करते, त्यामुळे वृद्धाश्रमातली त्यांची बारा वर्षं मी वेगळ्या नजरेने वाचली.

त्यांचा दिनक्रम लिहून ठेवलेला आहे. सकाळी पावणेसातला उठायचं. खिडकीशी बसून प्रार्थना. खुर्चीत बसल्याबसल्या व्यायाम, कानाला संगीत लावून. न्याहारीला दूध घातलेली कॉफी आणि टोस्ट. अंग स्वतः पुसायचं, साबण स्वतः लावायचा, मग चेहऱ्याला ऑलिव्ह तेल आणि पावडर. आपला पेला आणि काटेचमचे स्वतः धुवायचे. दुपारी खुर्चीतच दोन तास झोप. मग शेजारच्या खोल्यांत जाऊन रेडिओवर ऐकलेल्या बातम्या सांगायच्या. रात्री दहाला अंथरुणात.

पेला स्वतः धुणं ही किती मोठी गोष्ट आहे हे बाहेरच्यांना कळणार नाही. देखभाल करणाऱ्याला घाई असते. तोच पेला आपण दहा सेकंदांत धुतो, त्यांना पाच मिनिटं लागतात. म्हणून आपण हातातून काढून घेतो, आणि तिथून माणूस हळूहळू सगळ्यातूनच हात काढून घेतं. तिथल्या लोकांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला नाही. बातम्या सांगायला शेजारी जाणं हेही तसंच. डोळे गेले, कान गेले, तरी त्यांच्याकडे दुसऱ्याला द्यायला रोज काहीतरी नवं होतं.

११८व्या वर्षी त्यांची बुद्धिचाचणी झाली. शब्दांची आठवण आणि भाषा यांत त्यांचे गुण तितकंच शिक्षण झालेल्या ऐंशी-नव्वदीतल्या लोकांइतके आले. पुढे पुढे वाढत जाणाऱ्या मेंदूविकाराचं लक्षण दिसलं नाही. यात किती वाटा शरीराचा आणि किती त्या रोजच्या बातम्यांचा, ते मी सांगू शकत नाही, पण माझ्या कामात मी पेला काढून घेत नाही.

चाफा

मंदवारा, तुमचं लिहिलेलं घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

आकडेमोड

एक खटकणारी गोष्ट नोंदवतो. शेवटच्या वर्षांत त्यांच्याभोवती फार गर्दी झाली. पत्रकार, पुढारी, दर वाढदिवसाला कॅमेरे. १९९६मध्ये त्यांच्या आवाजातल्या आठवणी ठेक्यावर बसवून सीडीसुद्धा निघाली, त्यात त्यांचं वय १२१. सीडीच्या पैशातून आश्रमासाठी छोटी बस घ्यायची असं ठरलं होतं. मग १९९७च्या वाढदिवशी जाहीर झालं की यापुढे त्या लोकांसमोर येणार नाहीत, प्रकृती ढासळली होती. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता असं मला वाटतं.

शेवंती

मला यात दोन्ही बाजू दिसतात. तिला माणसं आवडायची आणि उत्तरं द्यायला आवडायची. मृत्यूची वाट बघतेय आणि पत्रकारांची, असं तिने म्हटल्याचं सांगतात. ज्या बाईचं घर १९६३मध्ये रिकामं झालं, तिच्या खोलीत जग येऊन बसलं, यात तिला आनंद नव्हता असं म्हणता येणार नाही. पण बघू न शकणाऱ्या, ऐकू न शकणाऱ्या माणसाची संमती कशी घ्यायची, हा प्रश्न उरतोच, आणि शेवटच्या एकदोन वर्षांबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे.

कातरवेळ

शेवटचा प्रश्न. एवढा वाद आहे तर जनुकीय चाचणी करून एकदाचा निकाल का लावत नाहीत?

शेवंती

ज्या नात्याबद्दल मी धाग्यात लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते इथे कामाला येतं. झान आणि फेर्नां यांचे आजोबा भाऊ आणि आज्या बहिणी. म्हणून त्यांच्या मुलीच्या, ईव्हॉनच्या वंशावळीत पाचव्या पिढीत १६ पूर्वजांऐवजी १२च वेगळी माणसं भरतात. अशा माणसाच्या जनुकांत आईकडून आणि बापाकडून आलेले काही तुकडे तंतोतंत एकसारखे असण्याची शक्यता बरीच जास्त असते. ते मोजता येतं. म्हणजे १९९७मध्ये वारलेली बाई त्या लग्नातली बायको होती की त्या लग्नातून जन्मलेली मुलगी, हे कबर न उघडता, नुसत्या रक्तावरूनही कळू शकेल. तिच्या रक्ताचा नमुना पॅरिसमधल्या झाँ दोसे प्रतिष्ठानच्या संग्रहात आहे.

सातबारा

अडचण कायद्याची आहे. फ्रेंच दिवाणी संहितेनुसार मेलेल्या माणसाची जनुकीय ओळख पटवण्यासाठी त्याने जिवंतपणी स्पष्ट संमती दिलेली असावी लागते. संशोधनासाठी दिलेलं रक्त वेगळं आणि ओळख तपासायला दिलेली संमती वेगळी. वारस कुणी नाही, म्हणून त्यांच्या वतीने बोलणारंही कुणी नाही. माझं मत विचाराल तर हा नियम योग्य आहे.

उंबरठा

मलाही तो योग्य वाटतो. शिरगणतीच्या १४ नोंदी आहेत, दाखले आहेत, ईव्हॉनच्या आजारपणाचे कागद आहेत. दावा करणाऱ्यांनी यातली एक तरी नोंद खोटी ठरवून दाखवावी, मग रक्ताकडे वळू.